चुलीच्या मातीचा पहिला नंबर

ते निळं आंतरदेशीय पत्र नानांनी शब्दकोशात ठेवलं होतं. मुद्दाम जाड खंड निवडला होता, म्हणजे ते चुकूनही हाताला लागू नये. पण झालं उलटंच. दसरा गेला, दिवाळी गेली, मार्गशीर्षातली थंडी राहाता गावावर उतरली, पेरूने भरलेले टेम्पो रस्त्याने घमघमत जाऊ लागले, तरी नानांना एकाही शब्दाचा अर्थ बघायचं धाडस झालं नाही. शब्दकोश उघडायचा म्हणजे पत्र दिसणार, आणि पत्र दिसलं की उत्तर लिहावं लागणार.

गोरक्षनाथ तांबे हे त्यांचं नाव रेशनकार्डापुरतं. गावाला ते नाना. सगळी उमर त्यांनी गावातल्या वाचनालयात काढली. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, फाटलेली पानं खळीने चिकटवायची. पुस्तकांशी त्यांचं झकास जमायचं. माणसांशी बोलायची वेळ आली की वाक्य अर्धंच तोंडाबाहेर यायचं आणि उरलेलं अर्धं घरी गेल्यावर, चप्पल काढताना आठवायचं.

पत्र लिहिणारी शुभांगी साळवे जवळच्या बोरमळा वस्तीवरच्या अंगणवाडीची सेविका होती. लहानपणी तिने वाचनालयातलं मुलांचं कपाट वाचून संपवलं होतं आणि टाचा उंचावून विचारलं होतं, "नाना, आता काय वाचू?" "आता परत पहिल्यापासून," असं नानांच्या तोंडून निघून गेलं, आणि त्या पोरीने खरोखर तसं केलं. अशा मुलीला नाही कसं म्हणायचं? म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत मातीकामाचं प्रदर्शन भरलं, तेव्हा परीक्षक व्हायला त्यांनी होकार दिला होता. आणि तिथेच सगळं बिघडलं.

प्रदर्शन समाजमंदिरात होतं. अंगणवाडीही तिथेच भरायची. सतरंजीवर ओळीने पाट आणि प्रत्येक पाटावर मातीचा बैल. समोरच्या चिठ्ठीवर मुलाचं नाव आणि वय, तीन वर्षे, चार वर्षे. बैल मात्र भलतेच वयस्क दिसत होते. कुणाच्या शिंगांना बेगड, कुणाच्या अंगावर जरीच्या तुकड्याची झूल, कुणाच्या डोळ्यांत गुंजा बसवलेल्या. पाटांच्या मागे आईबाप हाताची घडी घालून उभे, आणि ज्यांची नावं चिठ्ठ्यांवर होती ती मंडळी आईबापांच्या पायांतून डोकावत होती. मध्येच एखादा हात पुढे यायचा, की वरून आवाज, "हात नको लावू, मोडंल!"

सगळ्यांत देखणा बैल आप्पासाहेबांचा. म्हणजे चिठ्ठीवर नाव त्यांच्या नातवाचं, ओंकारचं. पण तो बैल कुणाचा हे बोरमळ्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं. आप्पासाहेब वस्तीवरचे मोठे बागायतदार. पांढरं धोतर, पिळाच्या मिशा. बैल असा जमला होता की पुढ्यात कडब्याची पेंढी टाकली असती तर त्याने मान खाली घातली असती.

नाना एकेका पाटापुढे थांबत, मान हलवत, पुढे सरकत होते. सगळेच छान होते, आणि निवडायचं कशावरून हेच कळत नव्हतं. अशातच ते कोपऱ्यात पोचले. तिथे गोणपाटाच्या तुकड्यावर मातीचा नारळाएवढा गोळा होता. पाट नाही, चिठ्ठी नाही. पण सगळ्या अंगावर बोटं उठलेली. कुठे खोल खड्डे, कुठे चिमटे, कुठे नखांच्या ओळी. एका बाजूला अख्खा इवलासा पंजा. एका ठिकाणी कुणीतरी शर्टाचं बटण दाबून चार भोकांचं नाणं उठवलेलं. नाना वाकले. चष्मा कपाळावर सरकवून बघू लागले. कितीतरी वेळ ते एकेका खड्ड्यातून फिरत राहिले. मग त्यांनी खिशातून 'पहिला क्रमांक' लिहिलेली चिठ्ठी काढली आणि त्या गोळ्यापुढे ठेवून दिली.

मग राहीबाई, म्हणजे अंगणवाडीची मदतनीस, तिने तोंडाला पदर लावला. पण पदराने ते हसू काही आवरेना.

"अवो नाना, ती चुलीची माती हाय! चूल लिपायला मळून ठिवली हुती म्या! पोरांनी बोटं घातली तिच्यात येता-जाता!"

त्यानंतरचं हसणं नानांनी दारातूनच ऐकलं. मांडलेला चहा तसाच राहिला.

दसऱ्याच्या आधी शुभांगीचं पत्र आलं. त्यात फार काही नव्हतं. आप्पासाहेब रागावलेत, असं तिने लिहिलं होतं. मुलांच्या मातीकामाची माती त्यांच्याच शेतातून येते, पाण्याच्या पाटाच्या कडेचा काळा चिकण गाळ, दर महिन्याला ट्रॅक्टरची एक ट्रॉली. आता ते म्हणतात, चुलीच्या मातीत परीक्षकांनी काय बघितलं ते लेखी कळवा, तोवर ट्रॉली येणार नाही. 'नाना, दोन ओळी लिहून पाठवा, म्हणजे मुलांची माती सुरू होईल. आणि मलाही खरंच जाणून घ्यायचंय.'

'खरंच' या शब्दाखाली तिने रेघ मारली होती. त्या रेघेत नानांना सगळं समाजमंदिर पुन्हा हसताना ऐकू आलं. त्यांनी तरी कागद पुढे ओढला. एकदा लिहिलं, फाडलं. दुसऱ्यांदा लिहिलं, फाडलं. आपण काय बघितलं? की चष्म्याचा नंबर वाढलाय, एवढंच? आपण कोण मोठे कलेतले जाणकार लागून गेलो?

"अहो, त्या पोरीला लिहिलंत का?" पुष्पावतीबाई, त्यांची बायको, अधूनमधून विचारायच्या.

"लिहितो."

"कधी? ती रिटायर झाल्यावर?"

*

बाजारच्या दिवशी नाना मेथीच्या जुड्या चाचपत उभे होते. पाठीमागून ओळखीचा आवाज आला आणि हातातली जुडी खाली पडली.

"हे बघा, सापडले! अवो, किती दडायचं मानसानं?"

राहीबाई होती. डोक्यावर पाटी, हातात भरलेली पिशवी.

"राहीबाई, तुम्ही इकडे..."

"माझं ऱ्हाऊ द्या. पत्राचं काय केलं? पोस्टमन दिसला की आमची बाई दारात. परवा तर विजेचं बिल आलं, ते बी तुमचंच पत्र म्हनून हिसकून घेतलं तिनं."

"मी लिहिणारच होतो. पण काय लिहावं तेच..."

"मग लिवू नका. तोंडानं सांगा. चला."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढायचा? टेम्पो उभा हाय." आणि राहीबाईने हातातली पिशवी सरळ नानांच्या हातात दिली. कोबीचे गड्डे होते आत. कुणी हातात काही दिलं की ते खाली ठेवणं नानांना आयुष्यात जमलं नव्हतं. कोबी टेम्पोत चढला, त्याच्यामागे नानाही चढले.

टेम्पोत बायका होत्या, दोन शेरडं होती, पेरूचे क्रेट होते. त्या गर्दीत राहीबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत सुटली.

"तवापून माती बंद. पन पोरं गप बसत्यात व्हय? हापशाखालचा चिखल आनत्यात. आयांच्या परातीतली कणीक पळवत्यात. त्या दीपानं परवा शेनाची कोंबडी केली, अन् ठिवली कुठं? पाटलिनीच्या देव्हाऱ्यात!"

टेम्पो हसला. एक शेरडूही ओरडलं.

"अन् बोटं! बोटं उठवायचा नादच लागलाय सगळ्यांना. भाकरी थापली की घाल बोट. सारवलेल्या भिंतीवर बोट. आप्पासायबाच्या जीपवर धूळ बसली की तिच्यावर धा बोटं."

"असं का करतात?" नानांनी दबक्या आवाजात विचारलं.

"का म्हंजी? तुमच्यापायी! बोटं उठली की पहिला नंबर येतो, असं बसलंय त्यांच्या टकुऱ्यात."

नानांनी कोबीची पिशवी छातीशी घट्ट धरली. हसावं की टेम्पो थांबवून उतरावं, हे ठरायच्या आत बोरमळा आला.

*

समाजमंदिरात मुलं सुकडी खायला गोल बसली होती. शुभांगी वाटीवाटीत वाढत होती. नानांना दारात बघून तिच्या हातातला डाव तसाच राहिला.

"नाना! तुम्ही आलात?"

"मी म्हणजे, राहीबाईंनी... हा कोबी..."

त्यांना आणखी काही बोलावं लागलं नाही. रेश्मा नावाची एक चिमुरडी, सुकडीने मिशा आलेली, उठून उभी राहिली आणि नानांकडे बोट करून ओरडली, "हे चुलीवाले नाना!"

मग एकच कालवा झाला. वाट्या तशाच राहिल्या. नानांना धोतराला धरून आत ओढण्यात आलं आणि सतरंजीच्या मधोमध बसवण्यात आलं. दोन मुलं कपाटाकडे धावली. देव आणावा तशी, पावलं मोजत, एक स्टीलचं ताट घेऊन आली. ताटात तोच गोळा होता. आता वाळून खडखडीत झालेला, रंग राखेसारखा, एका अंगाला बारीक भेग.

"बक्षीस म्हणून ताट आणलं होतं," शुभांगी म्हणाली. "पण द्यायचं कुणाला? सगळेच म्हणतात माझं. शेवटी गोळाच ताटात ठेवला. आणि त्याचा मग खेळच झालाय बघा."

खेळ बघायला मिळालाच. मुलं ताटाभोवती रिंगण करून उभी राहिली आणि टाळ्या वाजवत म्हणू लागली:

*बोट कुणाचं, बोट कुणाचं?*
*माझं माझं, माझं माझं!*
*खड्डा कुणाचा, खड्डा कुणाचा?*
*बघू बघू, बघू बघू!*

'बघू'ला टाळी थांबायची. एकजण पुढे यायचा, गोळ्यावर आपला खड्डा शोधायचा आणि त्यात बोट घालून दाखवायचा. बसलं की सगळे ओरडायचे, "हायऽऽ!" नाही बसलं की, "न्हाईऽऽ!" आणि तो कमरेवर हात ठेवून रिंगणाला एक उडती फेरी मारायचा. फेरी मारण्यात इतकी मजा होती की काहीजण मुद्दाम दुसऱ्याच्याच खड्ड्यात बोट घालत होते. माती वाळून आकसली होती, आणि बोटं तेवढ्यात वाढली होती. त्यामुळे सचिनचं बोट त्याच्याच खड्ड्यात अडकलं. तो आधी रडायच्या बेतात होता. मग सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर त्याने गोळा बोटासकट वर उचलायचा प्रयत्न केला आणि एवढं हसला की त्याला उचकी लागली. राहीबाईने तेलाचं बोट फिरवून त्याला सोडवलं.

एकेक करत सगळ्यांचे खड्डे झाले. पंजा दीपाचा निघाला. बटण ओंकारच्या शर्टाचं. अगदी माथ्यावर एकच खड्डा उरला, सगळ्यांहून रुंद, कुणाचंही बोट त्यात हलत राहील असा.

"ह्यो कुनाचा ते कधीच कळत न्हाई," रेश्मा म्हणाली. "बाईंचा न्हाई. राहीमावशीचा बी न्हाई."

"नानांचं बगा! नानांचं बगा!"

"अरे, माझं कसं असेल? मी तर फक्त..." नाना हसत म्हणाले आणि मुलांच्या समाधानासाठी त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट माथ्यावर टेकवलं. बोट आत गेलं आणि बसलं. थोडंसं तिरकं, नखाची बाजू डावीकडे, जशी नानांची बोटं संधिवाताने वळली होती तशी.

"हायऽऽऽ!"

नानांना आठवलं. वाकून बघता बघता, कुणाचं लक्ष नाही असं बघून, आपण हळूच बोट लावलं होतं. माती ओली आहे का ते बघायला. निदान त्या वेळी मनाला सांगितलं होतं तसं.

"वा रे परीक्षक!"

आवाज दारातून आला. आप्पासाहेब उभे होते. ओंकारला न्यायला आले असावेत. मिशा थरथरत होत्या. रागाने की कशाने, ते लगेच कळेना.

"परीक्षकानंच वस्तू करायची अन् परीक्षकानंच तिला नंबर द्यायचा! आमच्या सोसायटीच्या निवडनुकीत बी असं व्हत न्हाई." आणि मग ते खो खो हसले. राहीबाई हसली, शुभांगी हसली. नानांनी बोट काढून घेतलं, पण त्यांनाही हसू आवरेना. चार महिने ज्या हसण्याला ते घाबरले होते, ते हसणं असं होतं तर. त्यात बसून बघितल्यावर ते काही चावत नव्हतं.

"बरं, हसनं झालं," आप्पासाहेब पुढे आले. "आता सांगा नाना. माझ्या... म्हंजी ओंकारच्या बैलात काय कमी हुतं? अन् ह्या गोळ्यात काय बघितलं तुमी?"

मुलंसुद्धा बघत राहिली. शुभांगीने हातातला डाव खाली ठेवला. ट्रॉली येणार की नाही हे आता नानांच्या तोंडून निघणाऱ्या वाक्यावर होतं.

नानांनी तोंड उघडलं. "त्याचं असं आहे आप्पासाहेब, की..." आणि वाक्य नेहमीच्या ठिकाणी थांबलं.

पुढचं काही सुचायच्या आत बाहेरून ओंकारची हाक आली. मोठी माणसं बोलू लागल्यावर तो आणि आणखी दोघं हळूच सटकले होते. हापशाखालच्या चिखलाचा त्यांनी बैल मांडायला घेतला होता आणि तो काही उभा राहत नव्हता. सगळे ओट्यावर आले. पोट जमलं की पाय गळत होते, पाय लावले की डोकं पडत होतं.

आप्पासाहेब क्षणभर बघत राहिले. मग त्यांना राहवेना.

"आरं, ह्या मातीचं काय हुतं? रेती हाय हिच्यात सगळी. असली माती धरंल व्हय?" धोतर गुडघ्यात दाबून ते खाली बसलेसुद्धा. "पाय आधी न्हाई करायचे. आधी वशिंड. हे असं. वशिंड बसलं की बैल बसतो." त्यांची जाडजूड बोटं चिखलात गेली आणि एकदम हलकी झाली. मान किंचित कलती, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात. मिशीवर चिखलाचा शिंतोडा उडाला, त्याचंही भान नाही.

"आबा, सोडा!" ओंकार कळवळला. "त्यो माझाय! हात नका लावू!"

आप्पासाहेबांचे हात थांबले. त्यांनी नातवाकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. नानांनी त्या क्षणी त्यांचा चेहरा बघितला आणि त्यांना काहीतरी लख्ख कळलं. तो चेहरा बागायतदाराचा नव्हता. अपमान झालेल्या आजोबाचाही नव्हता. हातातलं खेळणं काढून घेतलेल्या पोराचा तो चेहरा होता.

"किती वर्षांनी केला होतात बैल?" नानांनी विचारलं. वाक्य अख्खं बाहेर पडलं याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

"आं?" आप्पासाहेब गडबडले. "लई वर्सांनी. ल्हानपनी करायचो. वडील म्हनायचे, पोरगं मातीत घालतंय सगळा वेळ." ते उठले, हात धोतराला पुसणार होते, तेवढ्यात राहीबाईने तांब्या पुढे केला. हात धुता धुता त्यांचा आवाज पुन्हा मोठ्या माणसाचा झाला. "ते जाऊ द्या. मी शब्द फिरवनारा मानूस न्हाई. लेखी पायजे. लेखी आलं, पटलं, की ट्रॉली."

"लेखी देतो," नाना म्हणाले.

"चार म्हयन्यात न्हाई दिलं, आता कधी देनार?"

"या सोमवारी टाकतो."

आप्पासाहेब ओंकारचा चिखलाचा हात धरून निघाले. शुभांगी नानांना सोडायला रस्त्यापर्यंत आली. टेम्पो आला तेव्हा ती म्हणाली, "मी 'खरंच' लिहिलं होतं ना, नाना, ते खरंच होतं."

*

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर नाना टेबलाशी बसले. पुष्पावतीबाई पलीकडे बोरं निवडत होत्या. बराच वेळ टाक कुरकुरत राहिला.

"वाचून तर दाखवा," त्या म्हणाल्या.

नाना घसा खाकरून वाचू लागले. "'मानवी निर्मितीच्या आदिम प्रेरणेचा प्रथमाविष्कार बालकाच्या...'"

"थांबा. हे कुणाच्या शोकसभेचं आहे?"

"का? वाईट झालंय?"

"वाईट नाही हो. पण हे तुमचं नाही. हे सगळं कपाटातलं आहे. टेम्पोतून आलात त्या दिवशी मला जे सांगितलंत, हसत हसत, ते कुठंय यात?"

नानांनी कागद बघितला. खरंच ते कुठे नव्हतं. त्यांनी तो कागद बाजूला सारला. 'असं लिहिलं तर आप्पासाहेब काय म्हणतील', 'शुभांगीला फार साधं वाटेल का', 'मुळात हे खरं आहे का', असे तिन्ही प्रश्न एकामागून एक येऊन गेले. नाना त्यांना नीट ओळखत होते. आज त्यांनी त्यांना जाऊ दिलं आणि नवं आंतरदेशीय समोर घेतलं.

*प्रिय शुभांगी, अनेक आशीर्वाद.*

*उत्तराला फार उशीर झाला. हे पत्र आप्पासाहेबांनाही वाचायला द्यावं.*

*त्या गोळ्यात मी काय बघितलं, असं त्यांनी विचारलं आहे. मला त्यात मुलं दिसली. बाकी सगळ्या पाटांवर बैल दिसले. बैल सुंदर होते, पण ते मोठ्या माणसांचे होते आणि प्रदर्शन लहानांचं होतं. ज्यांची नावं चिठ्ठ्यांवर होती, त्यांचं एकही बोट त्या बैलांवर नव्हतं. कोपऱ्यातल्या मातीला मात्र सगळ्यांनी हात लावला होता, कारण ती कुणी सांभाळत नव्हतं. ती चुलीची माती आहे हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मला धीर झाला नसता, हेही लिहून ठेवतो. पण दिलेला नंबर मी परत घेत नाही.*

*आप्पासाहेबांचा बैल मी विसरलेलो नाही. त्याच्या गळ्याखालची लोंबती कातडी इतकी खरी होती की मला तिच्या घड्या मोजाव्याशा वाटल्या. तो स्पर्धेत बसला नाही, यात बैलाचा दोष नाही. त्याच्यासाठी आपण जागाच ठेवली नव्हती.*

*म्हणून एक सुचवतो. पुढच्या पोळ्याला दोन सतरंज्या घालाव्यात. एकीवर मुलांनी करायचं, एकीवर मोठ्यांनी, समोरासमोर बसून, एकाच वेळी. मोठ्यांनी मुलांच्या मातीला हात लावायचा नाही, मुलांनी मोठ्यांच्या मातीला लावायचा नाही. मोठ्यांच्या कामाला नंबर मुलांनी द्यावेत. आप्पासाहेबांनी मोठ्यांच्या सतरंजीवर पहिलं बसावं. माती जास्त लागेल, तेव्हा ट्रॉली एकाऐवजी दोन आणाव्यात, अशी त्यांना माझी विनंती आहे.*

*मी येईन. पण परीक्षक म्हणून नको. मोठ्यांच्या सतरंजीवर माझ्यासाठीही गोळाभर माती ठेवावी. मला काही येत नाही.*

*ताट कुणाला द्यायचं ते मला सुचत नाही. मुलांना विचारावं.*

*तुझा,*
*नाना*

या वेळी पुष्पावतीबाईंनी मध्ये थांबवलं नाही.

"दोन ट्रॉल्या?" त्या म्हणाल्या. "बरेच धीट झालात की."

"एक करू का?"

"खबरदार खोडलंत तर."

सोमवारी सकाळी त्यांनीच म्हटलं, "द्या इकडे, दळणाला जाताना टाकते पेटीत." पण नाना म्हणाले, "नको, मीच जातो." मफलर गुंडाळून ते पोस्टापर्यंत चालत गेले. लाल पेटीपुढे उभं राहून त्यांनी पत्ता एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला. चिकटवलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. आत अजून एक ओळ घालायला हवी होती का? 'मला काही येत नाही' हे वाक्य फार केविलवाणं तर झालं नाही ना?

मग त्यांनी पत्र फटीत सरकवलं आणि सोडलं. आत पडल्याचा अगदी बारीक आवाज झाला.

ते तिथेच उभे असताना पोस्टमन खाकी पिशवी घेऊन पेटी उघडायला आला. नानांना तो चांगला ओळखत होता. टाकलेलं पत्र परत मागायला ते पूर्वीही कैकदा आले होते. त्याने कुलूप काढलं, पत्रांचा गठ्ठा हातात घेतला आणि हसून विचारलं, "काय नाना, कुठलं परत पाहिजे?"

नानांना त्या गठ्ठ्यात आपल्या निळ्या पत्राची कड दिसत होती.

"नाही," ते म्हणाले. "जाऊ दे. आजच्या टपालात जाईल ना?"

"जाईल की." पोस्टमनने निळी कड वर ओढून पत्ता वाचला. "बोरमळ्याला उद्या दुपारी."